धग, झळ आणि चटका

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



उष्णतेसाठी आपल्या मराठीत किती शब्द आहेत, कधी मोजून पाहिलंत का? थंडीच्या दिवसांत हवीहवीशी वाटते ती ऊब. चुलीत कमीजास्त करतात ती आच. शेकोटीपासून चार हात लांब बसलं तरी तोंडावर जाणवते ती धग. वैशाखातल्या दुपारी दार उघडताच अंगावर येते ती झळ. आणि तापल्या तव्याला बोट लागलं की बसतो तो चटका. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. उन्हाचा चटका बसतो हे खरं, पण शेकोटीची झळ आणि धग यांतला फरक आपल्या आजीला बरोबर कळत होता.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत. विज्ञान शाळेत शिकलो तेवढंच. शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं की उष्णता तीन वाटांनी जाते : वहन, अभिसरण आणि प्रारण. परीक्षेपुरतं ते पाठ केलं. पुढे कितीतरी वर्षांनी लक्षात आलं की या तिन्ही वाटांची नावं आपल्या बोलीत आधीपासूनच आहेत. स्पर्शाने येतो तो चटका, म्हणजे वहन. हवेबरोबर येते ती झळ, म्हणजे अभिसरण. आणि मधे काहीच नसताना लांबून येते ती धग, म्हणजे प्रारण. हे तीन शब्द हाताशी घेऊन आज मी तुमच्याशी बोलणार आहे एका अगदी रोजच्या वस्तूबद्दल. ती वस्तू म्हणजे मोटारसायकलचा सायलेन्सर, आणि त्याच्या तापापासून गाडीची बॉडी कशी वाचवायची.

विषय किरकोळ वाटेल. पण मी राहतो हर्सूलला. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सकाळी उजाडायच्या आत हा रस्ता जागा होतो. फुलंब्रीकडून, चौक्याकडून, सावंगीकडून दूधवाले येतात, मागच्या सीटला लोखंडी कडी आणि दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन. जाधववाडीच्या बाजारात भाजी आणणारे येतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला वाळूजच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे निघतात. शाळेच्या वेळेला एका गाडीवर बाप, दोन मुलं आणि तीन दप्तरं. अशा घरांत मोटारसायकल ही हौस नसते. ती बैलजोडीच्या जागी आलेली असते. बैलाच्या खांद्याला जू घासून जखम झाली तर शेतकरी लक्ष देतो. गाडीचं साईड कव्हर सायलेन्सरच्या तापाने वाकलं, रंगाला फोड आले, स्टिकर सुरकुतलं, रेक्झिनच्या बॅगेला भोक पडलं, तर आपण म्हणतो, ‘चालायचंच.’ माझं म्हणणं असं की हे चालायचं नसतं. जो ताप आज प्लास्टिकला वाकवतो, तोच उद्या मुलाच्या पोटरीला लागतो.

हा ताप येतो किती? एक लिटर पेट्रोलमध्ये जी ऊर्जा असते ती वीजबिलाच्या भाषेत सांगायची तर साधारण नऊ युनिट. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा गाडी पुढे ढकलायला उपयोगी पडतो. बाकी सगळी उष्णता. त्यातली काही इंजिनावरच्या पंख्यांमधून, म्हणजे त्या आडव्या पात्यांमधून, हवेत जाते. आणि जवळजवळ तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे बाहेर पडतो. एक हजार वॅटची इस्त्री तासभर चालवली की एक युनिट जळतं. म्हणजे लिटरभर पेट्रोलात तुम्ही पन्नास किलोमीटर गेलात, तर वाटेत तीन इस्त्र्या तासभर चालतील एवढी उष्णता त्या एका नळीतून गेली. बरीचशी धुराबरोबर मागे उडून जाते. उरलेली नळीच्या अंगात मुरते. इंजिनातून बाहेर पडणारा वायू पाचशे अंशांच्या वर असू शकतो. इंजिनाजवळच्या बेंड पाईपचं अंग दोनशे-तीनशे अंशांपर्यंत सहज जातं. आणि साईड कव्हरसाठी सर्रास वापरतात ते एबीएस प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आता हिशोब तुम्हीच करा.

ही तक्रार मोटारसायकलइतकीच जुनी आहे. जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी केली. सांगाडा लाकडाचा होता. नोव्हेंबरात डाइमलरचा मुलगा ती चालवत कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमला गेला. त्या फेरीत त्याच्या बुडाखालची सीट पेटली. इंधन पेटवण्यासाठी तापवून लाल ठेवलेली नळी बरोबर सीटच्या खाली होती. म्हणजे पहिल्याच दिवशी गाडीने माणसाला बजावलं होतं : मला तापावंच लागेल, तू कुठे बसतोस ते बघ.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८५ साली, आपल्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि औरंगाबादच्या गल्लीगल्लीत कुणी ना कुणी दुचाकीच्या धंद्यात आलं. कुणी वेल्डिंग शिकलं, कुणी रंग मारायला. जुनी चेतक स्कूटर आठवा. तिचं इंजिन उजव्या बाजूच्या फुगीर झाकणाखाली पूर्ण दडलेलं असे. वारा लागायचा मार्गच नाही. म्हणून इंजिनाच्या चाकालाच पंखा बसवलेला असे आणि पत्र्याच्या आवरणातून तो वारा थेट इंजिनावर फिरवलेला असे. झाकण लोखंडी होतं. तापायचं, पण वितळायचं नाही. पुढे मोटारसायकली आल्या, पत्र्याच्या जागी प्लास्टिक आलं. गाडी हलकी झाली, गंजणं थांबलं, पण ताप सोसायची ताकद गेली. मग १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे यंत्र सायलेन्सरच्या वाटेत बसतं. ते तापल्याशिवाय कामच करत नाही, साधारण अडीचशे-तीनशे अंशांपुढे त्याचं काम सुरू होतं. लवकर तापावं म्हणून ते बहुधा इंजिनाजवळ ठेवतात. म्हणजे हवा स्वच्छ झाली, पण पायाजवळचा ताप वाढला. हवा स्वच्छ हवीच. तेव्हा तापाचं काय करायचं ते आपण शिकलं पाहिजे.

आता एकेक वाट पाहू.

पहिला चटका. स्पर्शाची उष्णता. आमच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांच्याकडे गाडी नेली की ते आधी किक मारून कान लावतात. सायलेन्सरवर जो जाळीचा किंवा पत्र्याचा गार्ड असतो, त्यातून ‘छन छन’ आवाज आला की म्हणतात, ‘‘शायरसाब, वॉशर गेला.’’ हा वॉशर म्हणजे गार्डच्या स्क्रूखाली असलेली बारीक चकती. ती तापाला टिकणाऱ्या, उष्णता कमी वाहणाऱ्या पदार्थाची असते. तिच्यामुळे गार्ड नळीपासून थोडा उचललेला राहतो. मधे हवा राहते. हवा ही उष्णतेची वाईट वाहक, म्हणजे आपल्यासाठी चांगली पहारेकरी. सर्व्हिसिंगमध्ये ती चकती हरवते. घाईत कुणीतरी स्क्रू नुसताच आवळून देतं. गार्ड नळीला चिकटतो. दिसायला सगळं जागच्या जागी. पण आता तो गार्ड राहिलेला नाही, नळीचाच एक भाग झाला. नळीइतकाच तापतो.

कुकरचं हँडल पाहा. भांडं उकळत असतं आणि हँडल हाताने धरता येतं. कारण हँडल बेकेलाइटचं असतं आणि भांड्याला चिकटतं ते एका अरुंद मानेतून. चिमट्याने पापड भाजतो, चिमट्याची लांबी हाताला वाचवते. आपल्या शहरात नान-खलियासाठी नान भाजणारा कारागीर भट्टीत हात घालताना कापडाची जाड गादी वापरतो. या सगळ्यांत तत्त्व एकच : चिकटू देऊ नका, चिकटावंच लागलं तर थोडक्या जागी आणि वाईट वाहकातून. तेव्हा गाडीवर काही बसवताना, बॅगेची कडी, दुधाच्या कॅनचा सांगाडा, क्रॅश गार्ड, तो सायलेन्सरला टेकत नाही ना हे बघा. निदान बोटभर फट दिसली पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये पेट्रोलच्या नळीपासून एक्झॉस्ट पाईप ३५ मिलिमीटरच्या आत नसावा असं सांगितलं आहे. पेट्रोलसाठी जे अंतर सरकारला गरजेचं वाटलं, त्याचा धडा प्लास्टिकलाही लावायला हरकत नाही. आणि एक ध्यानात ठेवा. जुन्या काळी अशा जागी ॲस्बेस्टॉसच्या चकत्या घालत. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. कुणी देऊ केली तरी घेऊ नका. कंपनीची चकती काही फार महाग नसते.

दुसरी धग. ही मधे काही नसतानाही येते. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत अशीच येते, मधे तर हवासुद्धा नाही. धगीचा स्वभाव असा की नळी थोडी जास्त तापली की ती कितीतरी जास्त वाढते. नळी दीडशे अंशांवरून तीनशे अंशांवर गेली तर तिची धग दुप्पट होत नाही, तिपटीहून जास्त होते. म्हणून रोजच्या शहरातल्या फेऱ्यांत ठीक राहिलेलं साईड कव्हर एखाद्या दिवशी चौक्याचा घाट ओझ्यासकट चढताना वाकतं.

धगीवर औषध म्हणजे आडोसा, आणि तोही चकचकीत. काळा रंग आलेल्या धगीतला दहातला नऊ भाग पिऊन टाकतो. चकचकीत ॲल्युमिनियम तेवढाच भाग परत फिरवतं. म्हणूनच साईड कव्हरच्या आतल्या अंगाला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावणं हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय आहे. तापाला टिकणारा डिंक असलेली पट्टी मागा. आधी कव्हर साबणाने धुऊन कोरडं करा. चकचकीत बाजू नळीकडे ठेवा. आणि वर्षातून दोनदा ओल्या फडक्याने पुसा. चिखल आणि काजळी बसली की ती पट्टी काळी होते आणि काळी झाली की धग प्यायला लागते. याहून पक्कं काम हवं तर नळी आणि कव्हर यांच्या मधे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा बसवून घ्या, दोन्ही बाजूंना फट ठेवून. दोन फटी आणि मधे एक आरसा. याहून मोठं तंत्र मोठ्या गाड्यांतही नसतं.

तिसरी झळ. तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते. सायलेन्सरच्या वर काय असतं? साईड कव्हर, सीट, आणि लटकवलेली बॅग. गाडी पळत असते तोवर वारा ही झळ मागे लोटत असतो. गाडी थांबली की वारा थांबतो, उष्णता थांबत नाही. म्हणून कव्हर सगळ्यात जास्त तापतं ते बरेचदा सिग्नलला उभं असताना आणि घरी येऊन इंजिन बंद केल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत. इथे आपण जो गोंधळ घालतो तो असा की झळ अडवायला जातो. मधे पोत्याचा तुकडा कोंबतो, जुनी ट्यूब गुंडाळतो. झळेला अडवलं की ती कोंडते आणि जिथे कोंडते तिथे जाळते. झळेला वाट द्यायची असते. आपल्या जुन्या घरांत छताजवळ झरोका कशासाठी ठेवत? तापलेली हवा वरच्या वर निघून जावी म्हणून. आडोशाचा पत्रा बसवताना त्याचं वरचं आणि मागचं टोक उघडं ठेवा. बॅग लटकवायची तर लोखंडी कडीने बाहेर उचलून धरा आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर येऊ देऊ नका. दूधवाल्यांना मी आवर्जून सांगतो की उजव्या कॅनच्या आणि सायलेन्सरच्या मधे पत्र्याचा आडोसा घाला. दूध कोमट राहिलं की लवकर नासतं हे तुम्हाला मी सांगायला नको. उन्हाळ्यात तो आडोसा गाडीचा रंग वाचवतो आणि दुधाचे पैसेही.

आता काही उलटे उपाय. नळीला सुतळी किंवा गोणपाट गुंडाळणं हे तर आगीला आमंत्रण. बाजारात काचेच्या धाग्यांची पट्टी मिळते, ती नळीला गुंडाळतात. ती ताप आत कोंडते, कव्हरला आराम मिळतो हे खरं. पण पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि आतून नळी गंजते. चार महिने चिखलातून गाडी नेणाऱ्याने तिच्या नादी लागू नये. तापल्या सायलेन्सरवर पाण्याची बादली ओतू नका, धातू एकदम आक्रसतो आणि मुलाम्याचे पापुद्रे सुटतात. घरी आल्याबरोबर नायलॉनचं कव्हर घालू नका. अर्धा तास थांबा. प्लास्टिकची पिशवी नळीला चिकटून जळली तर चाकूने खरवडू नका, गाडी कोमट असताना लाकडी काडीने सावकाश काढा.

आणि शेतकरी बांधवांना एक खास सांगणं. फुलंब्री-सिल्लोडकडे मका आणि कपाशी भरपूर. काढणीच्या दिवसांत शेतात पाचट, वाळकं गवत, कडबा पसरलेला असतो. दूरवरून आलेली गाडी त्यावर उभी करू नका. कन्व्हर्टर गाडीच्या खालच्या अंगाला असतं आणि इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ वाळलेलं गवत पेटवू शकेल इतकं तापलेलं राहू शकतं. मोकळ्या मातीवर गाडी लावा. चार पावलं जास्त चालावं लागेल, पण वर्षाचा चारा वाचेल.

हे झाले बाहेरचे उपाय. पण कधी कधी ताप वाढण्याचं कारण गाडीच्या आत असतं आणि आपण बाहेर पट्ट्या चिकटवत बसतो. तापाच्या रोग्याला नुसतं पांघरूण बदलून काय होणार? नळी आपली तब्येत स्वतः सांगते. साधं पोलाद तापलं की त्यावर रंग चढतात. सुमारे २३० अंशांना पिवळसर, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. बेंड पाईप इंजिनाजवळ थोडा निळसर होणं समजू शकतं. पण निळाई मागे मागे सरकत चालली, किंवा अचानक वाढली, तर समजा काहीतरी बिघडलंय. ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोल इंजिनात पुरतं जळायच्या आत नळीत येतं आणि तिथे जळत राहतं. वेग कमी करताना मागून ‘फट फट’ आवाज येणं हेही न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटत असल्याचं लक्षण असू शकतं. नव्या गाडीत असं कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळलं तर ते लालबुंद होऊ शकतं. इंजिन आणि बेंड पाईप यांच्या मधलं पॅकिंग गेलं असेल तर तिथून तापलेल्या वायूची बारीक धार निघते. तिच्यासमोर जे येईल ते करपतं. जोडाजवळ काळी काजळी दिसली की पॅकिंग बदला. शंभर रुपयांचा आळस हजारांचं कव्हर खातो.

तरुण मंडळींना एक विनंती. मोठा आवाज यावा म्हणून कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा बसवायची हौस आहे. अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले आहेत. आवाजाचा जाच वेगळा, मी आज तापाबद्दल बोलतोय. मूळ सायलेन्सरात आतल्या आत पत्र्याचे थर असतात, मधे पोकळ्या असतात. त्यांच्यामुळे बाहेरचं अंग आतल्यापेक्षा कमी तापतं. वर गार्ड असतो तो वेगळाच. स्वस्तातल्या पोकळ नळीत यातलं फारसं काही नसतं. आतला ताप थेट बाहेरच्या अंगावर. मागे बसलेल्या मित्राच्या पायाला तो विचारत नाही की तुला आवाज आवडतो का.

इथेच मी मुख्य मुद्द्यावर येतो. इतका वेळ ‘बॉडी’ म्हणताना मी गाडीचीच बॉडी म्हणत होतो. पण त्या सायलेन्सरशेजारी दुसरीही एक बॉडी असते. आपल्याकडे बाई मागे एका बाजूला पाय सोडून बसते ती डावीकडे, आणि एकाच नळीच्या बहुतेक गाड्यांना सायलेन्सर उजवीकडे. जुन्या येझदीला मात्र दोन्ही बाजूंना असायचे. चाकात कपडा अडकू नये म्हणून मागचं निम्मं चाक झाकणारं आवरण हवं, असं मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. तो डाव्या बाजूला दिसतो. पण आता मुली, बायका दोन्हीकडे पाय टाकून बसतात, आणि ते जास्त सुरक्षितही आहे. ओढणी, बुरख्याचा घेर, सलवारीचा पायचा उजवीकडे सायलेन्सरवर येतो. सुती कपडा करपतो. पॉलिस्टर अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटलं तर नुसत्या चटक्यापेक्षा खोल जखम करतं. आमच्या मोहल्ल्यात घेराची कड करपलेले कितीतरी बुरखे दाखवता येतील. बायका ती कड दुमडून शिवतात आणि पुन्हा त्याच गाडीवर बसतात. कुणी गार्डचा स्क्रू बघत नाही.

आणि लहान मुलं. मूल मागून किंवा मधून उतरतं ते जिथे जागा मिळेल तिथून. उजवीकडून उतरलं की उजवी पोटरी आतल्या बाजूने सायलेन्सरवरून घसरते. कितीतरी माणसांच्या पोटरीवर तो लंबगोल डाग आयुष्यभर राहिलेला दिसेल. साठ अंशांच्या वस्तूला पाचेक सेकंद आणि सत्तर अंशांच्या वस्तूला एखादा सेकंद कातडी भाजायला पुरतो. लहान मुलांची कातडी त्याहून नाजूक. आपला सायलेन्सर सत्तर अंश तर घरी येऊन कितीतरी वेळ झाला तरी असतो. म्हणून नियम साधा ठेवा : चढणं-उतरणं डावीकडून. घरी गाडी लावताना सायलेन्सरची बाजू भिंतीकडे, मुलं खेळतात तिकडे नाही.

तरीही भाजलंच तर? लगेच वाहत्या, साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस मिनिटं. नळाला पाणी नसेल तर टाकीतलं पाणी तांब्याने हळूहळू ओतत राहा. बर्फ नको. टूथपेस्ट नको, शाई नको, हळद-तेल नको. चिकटलेलं कापड ओढून काढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैलसर झाका. मूल लहान असेल, जखम त्याच्या तळहाताहून मोठी असेल, सांध्यावर असेल किंवा फोड आले असतील तर थेट डॉक्टरकडे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल त्यांना विचारा.

श्रोतेहो, कुणी म्हणेल, आता विजेच्या गाड्या आल्या, सायलेन्सरच संपला. ज्या चेतकचं नाव मी घेतलं, ती २०२० मध्ये विजेवर चालणारी होऊन परत आली. तिला धुराची नळी नाही हे खरं. पण मोटार तापते, बॅटरी तापते, त्यांनाही वाट लागतेच. आणि आपल्या रस्त्यावरच्या पेट्रोलच्या गाड्या एका रात्रीत जाणार नाहीत. बापाची गाडी मुलाकडे जाते, मुलाकडून गावाकडच्या भावाकडे. तिच्या प्रत्येक मालकाच्या घरात एक लहान मूल असतं.

तेव्हा येत्या सुटीच्या दिवशी, गाडी पूर्ण गार असताना, दहा मिनिटं काढा. उजव्या बाजूला खाली बसा. गार्डचे स्क्रू बोटाने हलवून पाहा. वॉशर आहेत का बघा. नळी आणि कव्हर यांच्या मधून तुमचं बोट जातं का बघा. जोडावर काजळी आहे का, निळाई कुठवर आली आहे, हे डोळ्यांनी वाचा. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. इथे काही चिकटलंय का? म्हणजे चटका. इथे आडोसा आहे का? म्हणजे धग. इथे हवेला वाट आहे का? म्हणजे झळ. ज्या प्रश्नाचं उत्तर समाधानाचं मिळणार नाही, तिथे तुमचे पन्नास-शंभर रुपये खर्च करा, बाकी ठिकाणी नको.

तापणं हे यंत्राचं कामच आहे, त्याला दोष देता येत नाही. मधे काय ठेवायचं आणि किती अंतरावर बसायचं, एवढं आपल्या हातात आहे.